तिजोरी एकाची, शाळा दुसऱ्याची

(द्वितीय वर्ष कला)

राज्यशास्त्राच्या तासाला सत्ताविभाजनाचा सिद्धान्त आपण सर्वांनीच वहीत उतरवून घेतला आहे. कायदे करणारे वेगळे, ते राबवणारे वेगळे आणि न्याय देणारे वेगळे. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि आपणही माँटेस्क्यूचे नाव घालून त्याचे उत्तर हमखास लिहितो. परंतु या तीन मोठ्या खांबांच्या पायाशी, अगदी गावाच्या आणि जिल्ह्याच्या पातळीवर, सत्तेची आणखी एक वाटणी झालेली असते. शाळा चालवायची एका मंडळाने आणि तिच्यासाठी पैसा मंजूर करायचा दुसऱ्या मंडळाने! या वाटणीवर परीक्षेत प्रश्न येत नाही, म्हणून तिचा कोणी विचारही करीत नाही. वास्तविक पाहता गरिबाच्या मुलाचे शिक्षण राजधानीतल्या धोरणांवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते या दुसऱ्या मंडळाच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीवर अवलंबून असते, असे माझे मत आहे.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना ही व्यवस्था ठाऊक आहे. 'अमके मास्तर स्कूल बोर्डात होते' असे आजोबांच्या पिढीतले लोक अजूनही म्हणतात. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांत स्कूल बोर्डे होती. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्ह्यांची स्कूल बोर्डे त्यांच्यात विलीन झाली. शहरांत मात्र नगरपालिकेचे शिक्षण मंडळ हा प्रकार पुढे पन्नास वर्षे टिकला. मंडळाने शाळांचे अंदाजपत्रक तयार करायचे आणि नगरपालिकेने ते मंजूर करायचे किंवा त्याला कात्री लावायची. २०१३ साली कायदा बदलला आणि ही मंडळेही मुदत संपेल तशी बंद होत गेली.

अमेरिकेत मात्र ही जोडी अजून नांदते आहे. तिकडे आपल्या जिल्ह्यासारखा जो विभाग असतो त्याला कौंटी म्हणतात. कित्येक राज्यांत स्कूल बोर्डाला स्वतःचा कर बसवण्याचा अधिकार असतो. परंतु व्हर्जिनिया, मेरीलँड अशा राज्यांत तो नाही. तेथे स्कूल बोर्ड शिक्षक नेमते, अभ्यासक्रम पाहते, मुलांना आणणाऱ्या बसगाड्या चालवते, आणि दरवर्षी हिशेबाचे कागद घेऊन कौंटीच्या निवडून आलेल्या मंडळापुढे उभे राहते. स्वयंपाक करणारी सून आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली सासू, असा हा संसार आहे. (सासूबाईंनी रागावू नये. धान्य कोठीत किती उरले हे त्यांनाच ठाऊक असते. त्यांची बाजूही पुढे मांडणार आहे.)

या संसारात काय घडू शकते, याचे सर्वांत भयंकर उदाहरण व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड कौंटीचे आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात ते नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगणे भाग आहे.

प्रिन्स एडवर्ड हा तंबाखू पिकवणारा ग्रामीण भाग. फार्मव्हिल हे त्याचे मुख्य गाव. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या. कृष्णवर्णीयांसाठी रॉबर्ट मोटन हायस्कूल १९३९ साली बांधले गेले, ते १८० मुलांसाठी. दहाबारा वर्षांत मुले साडेचारशेच्या वर गेली. व्यायामशाळा नाही, जेवायला खोली नाही. नवी इमारत मागितली की गोऱ्या कारभाऱ्यांकडून आज-उद्या होई. शेवटी आवारात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून खोपटी उभारली आणि त्यांत वर्ग बसवले. पावसात ती गळत आणि हिवाळ्यात मुले कोट अंगावर ठेवूनच धडे घेत.

२३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने मुख्याध्यापकांना फोनवरून खोटा निरोप धाडून गावात पाठवले, सर्व मुलांना सभागृहात जमवले आणि संप पुकारला. शाळा मिळावी म्हणून शाळा बंद पाडणारा असा संप आमच्या पिढीच्या तरी पाहण्यात नाही! मुलांची मागणी साधी होती, चांगली इमारत द्या. परंतु ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे जे वकील मदतीला आले त्यांनी स्पष्ट सांगितले, की वेगळी पण चांगली शाळा मागणार असाल तर आम्ही नाही. हे वेगळेपणच मोडायचे असेल तर दावा लढू. मुले आणि पालक तयार झाले. ज्या पाच दाव्यांवर १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राऊन' या नावाने प्रसिद्ध असलेला निकाल दिला, त्यांतला एक हा होता. वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरले.

पाठ्यपुस्तके येथे थांबतात. अंदाजपत्रकाची खरी कथा येथून सुरू होते.

मूळ दावा स्कूल बोर्डाविरुद्ध होता. पण बोर्डाकडे पैसा कोठे होता? तो होता कौंटीच्या निवडून आलेल्या मंडळाकडे, म्हणजे बोर्ड ऑफ सुपरवायझर्सकडे. या सुपरवायझरांनी एक युक्ती काढली. शाळांना वर्षाची रक्कम एकदम न देता महिन्यामहिन्याने द्यायची, म्हणजे गोरी आणि काळी मुले एकत्र बसवा असा हुकूम आला की पुढचा हप्ता थांबवता येईल. रोजंदारीवरच्या मजुराला संध्याकाळी 'उद्या ये की नको' हे सांगतात, तशी ही गत झाली. अखेर मे १९५९ मध्ये अपील न्यायालयाचा हुकूम आला, की येत्या सप्टेंबरपासून अंमल करा. जून महिन्यात सुपरवायझर बैठकीला बसले आणि त्यांनी शाळांसाठी कर बसवायचाच नाही असे ठरवले. सप्टेंबरात कौंटीतल्या सर्व सरकारी शाळांना कुलूप लागले. ते कुलूप पाच वर्षे निघाले नाही.

या कृतीचे स्वरूप नीट पाहावे. सुपरवायझरांनी कोणत्याही मुलाचे नाव पटावरून कमी केले नाही. स्कूल बोर्ड बरखास्त केले नाही. शिक्षकांना शिकवू नका असे सांगितले नाही. वर्षाच्या अंदाजपत्रकात शाळेच्या नावापुढे रक्कम लिहिली नाही, एवढेच त्यांनी केले. पोलीस लागले नाहीत, लाठी लागली नाही. मनाई करणाऱ्या माणसाला निदान मनाई करतो असे बोलावे लागते. पैसा न देणाऱ्याला काहीच बोलावे लागत नाही. तो फक्त हात वर करतो.

गोऱ्या मुलांचे काय झाले? त्यांच्यासाठी एक खासगी प्रतिष्ठान आधीच तयार होते. चर्चच्या खोल्यांत आणि सार्वजनिक सभागृहांत त्यांचे वर्ग त्याच सप्टेंबरात सुरूही झाले. पहिले वर्ष वर्गणीवर निघाले. पुढे राज्याने आणि कौंटीने शुल्कासाठी अनुदान सुरू केले. सुपरवायझरांनी प्रत्येक मुलामागे १०० डॉलर ठरवले आणि राज्याचे मिळवून ते प्राथमिकला २२५, माध्यमिकला २५० डॉलर झाले. शिवाय या खासगी शाळांना जो देणगी देईल त्याला कौंटीच्या मालमत्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट! म्हणजे ज्या तिजोरीत सरकारी शाळेसाठी पैसा नव्हता, त्याच तिजोरीतून तो मागच्या दाराने बाहेर पडत होता. 'पैसे नाहीत' हे वाक्य कोणत्याही कचेरीत कानावर पडले की आता मला हा मालमत्ता कर आठवतो.

आणि कृष्णवर्णीय मुले? सुमारे सतराशे मुलांची शाळा तुटली. काहींना आईबापांनी दुसऱ्या कौंटीत नातेवाइकांकडे ठेवले. काहींना क्वेकर पंथाच्या लोकांनी दूरच्या राज्यांत घरे पाहून दिली. रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन या धर्मोपदेशकाने धडपड करून वरच्या वर्गांतल्या काही मुलांची शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनातील एका कॉलेजात सोय लावली. चर्चमध्ये थोडे लिहिणे-वाचणे चाले. बाकीची घरी राहिली आणि शेतांत कामाला लागली. सहा वर्षांचे मूल दहा वर्षांचे होईपर्यंत त्याने पाटीला हात लावला नाही, याचा अर्थ आपल्यासारख्या घरांतून आलेल्यांना तरी वेगळा समजावून सांगायला नको.

स्कूल बोर्ड या काळात काय करीत होते, हेही पाहण्यासारखे आहे. बोर्डावरची माणसे गोरीच होती आणि कृष्णवर्णीयांची कैवारी मुळीच नव्हती. परंतु १९६० मध्ये सरकारी शाळांच्या इमारती खासगी शाळांना विकण्याची गोष्ट निघाली तेव्हा बोर्डाच्या बहुतेक सभासदांनी राजीनामे दिले. शाळा ही गावाची मालमत्ता आहे, ती अशी फुंकून टाकता येणार नाही, एवढे त्यांना कळले होते. मला या राजीनाम्यांचे कौतुकही वाटते आणि कीवही येते. शाळा चालवण्याची जबाबदारी असलेल्या मंडळाच्या हातात शेवटी राजीनाम्याशिवाय दुसरे हत्यारच नव्हते.

१९६३ च्या सप्टेंबरात केनेडी सरकारच्या पुढाकाराने, खासगी देणग्यांवर, एक वर्षापुरत्या मोफत शाळा उघडल्या. त्यांत सुमारे दीड हजार मुले आली. मग २५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. तो दावा रेव्हरंड ग्रिफिन यांच्याच मुलाच्या नावाने ओळखला जातो. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी निकालपत्रात म्हटले, की जरूर पडल्यास खालचे न्यायालय सुपरवायझरांना कर बसवून पैसा उभा करण्यास भाग पाडू शकेल. न्यायमूर्ती क्लार्क आणि हार्लन यांना बाकी सर्व मान्य होते. पण बंद शाळा उघडा असा हुकूम देण्याचा अधिकार संघराज्याच्या न्यायालयांना आहे, हे मान्य नव्हते.

या दोघांना नुसते प्रतिगामी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु त्यांच्या शंकेत तथ्य आहे. कर बसवणे हे लोकांनी निवडलेल्या माणसांचे काम आहे. न्यायाधीश मते मागायला दारी येत नाही. उद्या त्याने कराचा आकडा ठरवायला सुरुवात केली तर त्याला जाब कोण विचारणार? तरीसुद्धा मी ब्लॅक यांच्याच बाजूचा आहे. निवडून येण्याने माणसाला किती खर्च करायचा हे ठरवण्याचा अधिकार मिळतो. मूल शिकवायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार मिळू नये. आणि प्रिन्स एडवर्डच्या सुपरवायझरांना मतदारांचा पाठिंबा भरपूर होता, हे विसरता येत नाही. बहुमत त्यांच्याकडेच होते. त्या बहुमतानेच कुलूप लावले होते.

निकालानंतरची एक गोष्ट सांगून हा भाग आटोपतो, कारण तीत या मंडळींचा स्वभाव दिसतो. शुल्क अनुदानाचा प्रश्न न्यायालयापुढे पुन्हा येणार हे ठाऊक असताना, ४ ऑगस्ट १९६४ च्या रात्री सुपरवायझरांनी बैठक भरवून, उजाडण्यापूर्वी, सुमारे १ लाख ८० हजार डॉलर खासगी शाळांच्या पालकांना वाटून टाकले! शाळेसाठी पाच वर्षे ज्यांचा हात खिशात गेला नाही, त्यांना एका रात्रीत एवढा पैसा मोजता आला. पुढे १९६६ मध्ये हा न्यायालयाचा अवमान ठरला.

आता सासूबाईंची बाजू. सगळ्याच कौंट्या काही प्रिन्स एडवर्ड नसतात. कौंटीच्या मंडळाला रस्ते, पोलीस, दवाखाने, आग विझवणारे बंब या सगळ्यांचा विचार करावा लागतो. कर वाढवला तर शिव्या त्यांना बसतात, स्कूल बोर्डाला नाही. ज्याला कर गोळा करावा लागत नाही त्याची मागणी मोठी असणारच. शिक्षण पवित्र असले म्हणून शिक्षणाच्या नावाने येणारा प्रत्येक आकडा पवित्र होत नाही. आकड्यांची छाननी करणारे दुसरे डोळे हवेत, हे मलाही मान्य आहे.

मेरीलँड राज्याने या भांडणावर जो तोडगा काढला आहे तो मला अभ्यासण्यासारखा वाटतो. तेथे १९८० नंतरच्या दशकात असा नियम झाला, की कौंटीने प्रत्येक विद्यार्थ्यामागे गेल्या वर्षी जेवढी रक्कम दिली, त्याहून कमी या वर्षी देता येणार नाही. वाढ द्यायची की नाही यावर खुशाल भांडा. तसेच कौंटी कौन्सिल रक्कम मोठमोठ्या सदरांखाली मंजूर करते. अमक्या शाळेत अमका शिक्षक ठेवा किंवा काढा, हे सांगू शकत नाही. उलट स्कूल बोर्डालाही एका सदरातला पैसा दुसऱ्यात न्यायचा तर कौन्सिलला विचारावे लागते.

भांडणे यानेही थांबली नाहीत. मंदीच्या काळात, २००९ पासून पुढे, काही कौंट्यांनी रक्कम खाली आणण्यासाठी सवलत मागितली. माँटगोमेरी ही तर श्रीमंत कौंटी, तिच्या अंदाजपत्रकाचा जवळजवळ निम्मा भाग शाळांवर जातो. तिचीही राज्याशी जुंपली. शाळांच्या कर्जाचे हप्ते शाळांच्याच रकमेत धरून आकडा फुगवण्याचा प्रयत्न झाला आणि राज्याच्या शिक्षण मंडळाने तो मानला नाही. शेवटी २०१२ साली राज्याने कायदा आणखी कडक केला. कौंटीने रक्कम कमी दिली तर तिच्या वाट्याच्या प्राप्तिकरातून राज्य ती परस्पर कापून शाळांना देईल! कौंटीची माणसे यावर जे म्हणतात तेही खोटे नाही. एका चांगल्या वर्षी हात सैल सोडला की तो आकडा कायमचा गळ्यात पडतो, म्हणून चांगल्या वर्षीही कौन्सिल हात आखडता घेते. म्हणजे खालची मर्यादाच हळूहळू वरची मर्यादा होऊन बसते. असो. इतके असूनही तेथे शाळेला कुलूप लावता येत नाही, आणि माझ्या दृष्टीने पहिला हिशेब तोच आहे.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. महात्मा फुल्यांनी तसे म्हटले नव्हते. गुलामांना मुक्त केल्याबद्दल त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेच्या लोकांना अर्पण केले. आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात धर्म आणि जातीइतकाच पैशाचाही प्रश्न होता. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या वरच्या शिक्षणावर, अशी त्यांची तक्रार होती. त्या काळी शेतसाऱ्यावर लोकल फंडाची जी पट्टी बसे, तिचा एक हिस्सा शिक्षणाच्या नावाने घेतला जाई. कर कोणाकडून घेतला आणि कोणाच्या मुलावर खर्चला, हा प्रश्न फार्मव्हिलच्या आधी सत्तर-पंचाहत्तर वर्षे पुण्यात विचारला गेला होता.

आपल्या घटनेत आज २१-अ हे कलम आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क २०१० पासून अमलात आला. अमेरिकेच्या संघराज्याच्या घटनेत असा हक्क नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये म्हटले आहे. शिवाय आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. तेव्हा सुपरवायझरांसारखे कुलूप आपल्याकडे कोणी एका बैठकीत लावू शकणार नाही, हे समाधान खरे आहे.

परंतु न देण्याच्या तऱ्हा अनेक असतात. मी ज्या शाळेत शिकलो तिची वीज बिल थकल्यामुळे दोन पावसाळे तोडलेली होती. ग्रामपंचायत म्हणे, शाळा परिषदेची. परिषद म्हणे, सादिलच्या पैशांतून भरा. मुख्याध्यापक म्हणत, सादिल आलेच नाही. संगणक प्लॅस्टिकच्या कापडाखाली झाकून ठेवलेला होता. आम्ही त्याला हळद-कुंकू वाहून दसऱ्याला पूजत असू. या तिघांपैकी एकानेही शाळेचे वाईट चिंतले नव्हते आणि तिघांपैकी एकाचाही गुन्हा सिद्ध झाला नसता. जबाबदारी एकाकडे, पैसा दुसऱ्याकडे, आणि किमान किती व केव्हा द्यायचे हे बांधलेले नाही, अशी व्यवस्था असली की दुष्टपणाची गरजच पडत नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की शाळेच्या वीज, पाणी, खडू, दुरुस्ती यांची किमान रक्कम पटावरच्या मुलामागे कायद्याने ठरलेली असावी, ती सत्र सुरू होण्याआधी शाळेच्या खात्यात पडावी आणि नाही पडली तर वरच्या सरकारने ती परस्पर कापून द्यावी. त्याच्या वरच्या पैशासाठी सभापती आणि सदस्य यांनी हवे तितके भांडावे. ती लोकशाहीच आहे.

प्रिन्स एडवर्डचा हिशेब मात्र अंदाजपत्रकातच येऊन पुरा व्हायचा होता. बंद शाळांमुळे ज्यांचे शिक्षण बुडाले त्यांना शिष्यवृत्ती देण्याची योजना व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने २००४ साली मंजूर केली. तिच्यासाठी आधी अगदी किरकोळ रक्कम ठेवण्यात आली. मग एका धनिकाने, राज्य तेवढेच देणार असेल तर मी दहा लाख डॉलर देतो, असे कळवले, तेव्हा राज्यानेही दहा लाख काढले. १९५९ च्या सप्टेंबरात पहिलीत जायला निघालेले मूल त्या वर्षी पन्नाशी ओलांडून गेले होते.